कडी जरा डावीकडे

धायरीत ज्याच्या गळ्यात कॅमेरा, त्याच्याकडे सिंहगडाचा एक फोटो असतोच. गच्चीवरून काढलेला, सूर्य मावळतीला, दूरदर्शनचा मनोरा एका कोपऱ्यात, वर दोन ढग. पावसाळ्यात हाच फोटो धुक्यासकट मिळतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रविवारी तो इतक्या घरांतून येतो की गडालाच अवघडल्यासारखं होत असेल. ज्यांना गडाचा कंटाळा येतो ते खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसांच्या धुरातून सूर्य टिपतात. आणि ज्यांना झोपेचाच कंटाळा येतो ते अंधारात उठून, अख्खं पुणे ओलांडून कवडीपाटला पक्ष्यांच्या मागे जातात.

मी कॅमेरा घेतला तेव्हाच ठरवलं की उडणारे, ढगाआड जाणारे आणि सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकपलीकडे राहणारे विषय आपल्याला नकोत. विषय घरातला हवा, त्याने हलता कामा नये आणि त्याने मतं मांडू नयेत. या अटींच्या आसपास घरात दोघेच होते: आमच्याकडे राहायला आलेले सासरे आणि बादली. सासऱ्यांनी नकार दिला.

"बादलीचे फोटो?" ही म्हणाली. "विकायचीय का?"

मी तिला इतिहास सांगितला. हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज गृहस्थाने १८४४ मध्ये 'द ओपन डोअर' नावाचा फोटो काढला. त्यात काय आहे? एक उघडं दार आणि दाराला टेकवलेला खराटा. बस. छायाचित्रण ही कला आहे हे जगाला पटवायला निघालेला माणूस राणीकडे गेला नाही, खराट्याकडे गेला.

"मग झाडून घेतलं का त्याने, की नुसताच फोटो काढला?"

मी टॅल्बट सोडला आणि एडवर्ड वेस्टनकडे वळलो. या अमेरिकन माणसाने १९२५ साली मेक्सिकोत राहत्या घरातल्या संडासाच्या भांड्याचा फोटो काढला. आज त्याची गणना अभिजात छायाचित्रांत होते.

"आणि बायकोने काढू दिला?"

बायको कॅलिफोर्नियात होती आणि हा मेक्सिकोत टीना मोडोट्टीबरोबर राहत होता. कलेच्या चर्चेत एवढा तपशील आवश्यक नसल्याने मी सरळ १९३० वर आलो. त्या वर्षी वेस्टनने ढोबळ्या मिरचीचा तो जगप्रसिद्ध फोटो काढला. मिरचीवर उजेड नीट पडेना म्हणून ती त्याने पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. जग आजही मिरचीला मान डोलावतं, नरसाळ्याचं नाव कोणी काढत नाही. पत्र्याच्या वस्तूंवरचा हा अन्याय दूर करायची वेळ आली आहे, असं मी म्हणालो. ही तोवर स्वयंपाकघरात गेली होती.

सासऱ्यांना पटवणं त्याहून अवघड. ते पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेत आणि जगाकडे टीएमसीत बघतात. त्यांना मी सांगितलं की डिजिटल कॅमेऱ्याच्या पोटात मुळात बादल्याच असतात. विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सीसीडी शोधून काढली आणि त्याबद्दल त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. ती चिप शिकवताना मास्तर हमखास बादल्यांचं उदाहरण देतात. शेतात ओळीने बादल्या मांडा, पाऊस पडू द्या, मग कुठल्या बादलीत किती साठलं ते एकेक करून मोजा. पाऊस म्हणजे प्रकाश, आणि मोजून झालं की झालं चित्र. एखादी बादली भरून वाहिली तर तिथला तपशील गेला, नुसता पांढरा डाग उरतो. हल्लीच्या कॅमेऱ्यांत चिप निराळी असते, पण हिशेब तोच.

"तुमच्या कॅमेऱ्यात किती बादल्या?" त्यांनी विचारलं.

"दोन कोटी चाळीस लाख," मी अभिमानाने म्हणालो.

त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड केली. "खडकवासला पूर्ण भरलं की १.९७ टीएमसी. पंधरा लिटरच्या बादलीने मोजलंत तर सुमारे ३७० कोटी बादल्या. तुमचा कॅमेरा म्हणजे, जावईबापू, पाझर तलाव झाला."

तरी मी कामाला लागलो. आमच्या घरातल्या बादल्यांची एक उतरंड आहे. अंघोळीची, धुण्याची, फरशीची, आणि बाल्कनीत कायम भरून ठेवलेली राखीव. तिच्यातलं पाणी कोणी कधी वापरत नाही, पण ती रिकामी दिसली तर घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरते. त्यांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. हे बघून मी शहारलो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी चिपसाठी रंगांची जी मांडणी केली आणि १९७६ मध्ये जिचं पेटंट झालं, ती नेमकी हीच: दर चौकटीत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. आमचं न्हाणीघर चाळीस-पन्नास वर्षं पुढे, किंवा मागे, होतं. मी चारही बादल्या चौकोनात मांडल्या आणि स्टुलावर चढून वरून फोटो काढायला लागलो. फरशीची बादली अंघोळीच्या बादलीला चिकटून उभी आहे हे घरात समजलं, तेव्हा दोन्ही बादल्या, न्हाणीघर, स्टूल आणि मी अशा सगळ्यांना धुऊन काढण्यात आलं. शिवाय फोटोत लाल बादली नुसता लाल गोळा आली. भडक लाल रंगाने चिपमधल्या लाल बादल्या आधी भरून वाहतात, हे मला तेव्हा पाठ होतं, फक्त सुचलं नाही.

मग मी स्टीलकडे वळलो. हिच्या मामांनी लग्नात दिलेली स्टीलची बादली, पंगतीत आमटी वाढायला असते त्या घाटाची, कडेला यंत्राने ठिपके ठिपके पाडून 'सप्रेम भेट' आणि तारीख घातलेली. पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं ऊन तिच्या पोटावर पडलं आणि मला वाटलं, वेस्टन असता तर त्याने धायरीत फ्लॅट बुक केला असता. फोटो उत्तम आला. मी तो 'धातू आणि मौन' या मथळ्याखाली सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

पहिला अभिप्राय बी विंगच्या आजींचा. "फोटो छान. बनियनला नीळ घाला."

स्टीलची बादली हा बाहेर फुगलेला आरसा असतो. त्यात खिडकी दिसते, पंखा दिसतो, दोरीवरचं धुणं दिसतं आणि सगळ्याच्या मधोमध बनियन आणि टॉवेलमधला फोटोग्राफर दिसतो. त्याचं पोट बादलीच्या पोटावर पडून दुप्पट होतं, हा प्रकाशशास्त्राचा नियम आहे, त्यात माझा काही हात नाही. मी ग्रुपवर लिहिलं की १४३४ मध्ये यान व्हॅन आयक या चित्रकारानेही आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात मागच्या आरशात खोलीतली आणखी माणसं दाखवली आहेत. त्यावर एकाने अंगठा दाखवला आणि दुसऱ्याने टँकर कधी येणार ते विचारलं.

स्टील बाद. मी रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली आणली. हिचं कौतुक मला खरोखरच करायचं आहे. वितळलेल्या जस्तात, साधारण साडेचारशे अंश तापमानाला, अख्खी बादली बुडवून काढतात. जस्त गोठताना त्याचे स्फटिक होतात आणि पत्र्यावर कोनाकोनांची नक्षी उमटते. दोन बादल्यांवर ती सारखी येत नाही. रंग असा राखाडी की कॅमेऱ्याचं प्रकाशमापन त्यावर निर्धास्त करावं. शिवाय तिच्यात फोटोग्राफर दिसत नाही. गच्चीवर ती ठेवून मी तासभर तिच्याभोवती फिरत होतो. कधी गुडघ्यावर, कधी पालथा. कडी डावीकडे पाडली की सावली लांबते, उजवीकडे पाडली की बादली गरीब दिसते.

धुण्याभांड्याच्या मावशी कपडे वाळत घालायला वर आल्या. थोडा वेळ बघत राहिल्या. "दादा, काही हरवलंय का?"

"नाही, बादलीचा फोटो काढतोय."

"रिकामीचा?"

हा प्रश्न मला कुठल्याही पुस्तकात भेटला नव्हता. मी उत्तर शोधेपर्यंत मावशींनी बादली उचलून पालथी घातली, तिच्यावर बसल्या आणि चिमट्यांची पिशवी मांडीवर घेऊन मोजायला लागल्या. तो फोटो मी काढला नाही, कारण माझा विषय बादली होता आणि त्यात बादली जेमतेम चार बोटं दिसत होती.

आगीच्या बादलीचा प्रसंग थोडक्यात उरकतो. पार्किंगमध्ये खिळ्याला लाल बादल्या टांगलेल्या असतात, आत वाळू, बाहेर 'आग' लिहिलेलं. आमच्याकडच्या वाळूत आग विझवण्यापेक्षा सुपाऱ्यांची साल आणि जुनी कुलपं जास्त. त्यातली एक मी खाली उतरवून रॅम्पच्या माथ्यावर ठेवली, कारण तिथे तिरपा उजेड येतो. या बादलीचं बूड मुद्दाम गोल करतात. जमिनीवर उभी राहत नाही, म्हणून कोणी पळवून घरात वापरत नाही. शोधणाऱ्याला सलाम. मी ठेवली आणि ती निघाली. रॅम्पच्या तळाशी चेअरमनसाहेबांची गाडी होती. चालत्या बादलीचा फोटो काढायचा तर शटर पाचशेवर हवं, माझं साठावर होतं, त्यामुळे पुरावा म्हणून जो फोटो आला त्यात नुसती लाल रेघ आहे, आणि ती मी आजही कला म्हणून दाखवू शकतो.

पण खरा प्रकार एप्रिलमध्ये झाला.

धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली. त्याआधीही आणि नंतरही इथे इमारती पाण्यापेक्षा वेगाने वाढल्या. बेनकर वस्ती म्हणा, रायकर मळा म्हणा, जिथे मळे होते तिथे आता विंगा आहेत. उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर गेटातून मागे मागे येताना जी पिपाणी वाजते, ती ऐकून आमच्याकडची लहान मुलं आईच्या आधी उठतात. त्या एप्रिलमध्ये सोसायटीची मोटर जळाली. पाणी खालच्या टाकीत होतं, वर चढत नव्हतं. कमिटीने नियम केला: मोटर दुरुस्त होईपर्यंत टाकीजवळच्या नळावर रांग, सकाळी साडेपाचपासून, एका फ्लॅटला दोन बादल्या.

पहिल्या दिवशी मी खाली गेलो आणि थबकलो. रांगेत माणसं नव्हतीच. माणसांनी नंबराला बादल्या ठेवल्या होत्या आणि स्वतः जाऊन झोपली होती. पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली नळापासून गेटापर्यंत बादल्या उभ्या होत्या. फ्लॅट नंबर ऑइलपेंटने रंगवलेली, कडीला जुन्या साडीची पट्टी गुंडाळलेली, तडा मेणबत्तीने लिंपलेली. सी विंगमधल्या पोरांची रंगाच्या कंपनीची वीस लिटरची, आतून अजून फिकट गुलाबी. मधेच एक घंगाळ, बहुधा माहेरचं. टॅल्बटला एक खराटा मिळाला होता, मला अख्खी सोसायटी मिळाली. मी रोज पहाटे ट्रायपॉड घेऊन हजर व्हायला लागलो. आमच्या बाल्कनीतली राखीव बादली, हिरवी, तुटलेल्या कडीऐवजी निळी नायलॉनची दोरी बांधलेली, हिचं तर मी स्वतंत्र पोर्ट्रेट काढून ग्रुपवर टाकलं. मथळा 'दोरीने तोललेलं आयुष्य'. ते गाजलं. लिफ्टमध्ये लोक विचारायचे, "निळ्या दोरीवाली कशी आहे?"

दोनतीन दिवसांत माझ्या लक्षात आलं की मी आलो की आवाज बंद होतात. ट्रायपॉड उघडला की काही बादल्या आपोआप मागे सरकतात. कमिटीने मला टेहळणीला बसवलंय, असा सगळ्यांचा समज झाला होता. कमिटीचा समज असा की विरोधी गटाने मला बसवलंय. मग एका सकाळी दोन काकूंची जुंपली. माझी सातवी होती, नाही, तुमची आठवी. आणि दोघी एकदम माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, फोटो बघा."

मी बघितला. पडद्यावर मोठा करून, बोटाने बादल्या मोजून, सातवी कोणती ते जाहीर केलं. त्या दिवसापासून मी थर्ड अंपायर झालो. लोक कलेबद्दल बोलायचे थांबले आणि वेळेबद्दल विचारायला लागले, कारण डिजिटल फोटोत काढल्याची वेळ सेकंदासकट लपलेली असते. "पाच चाळीसला माझी होती का तिथे?" माझ्या प्रकाशरचनेवर, कड्यांच्या लयीवर एकाही माणसाने चकार शब्द काढला नाही. मी मात्र निर्णय देत राहिलो. मानाचं पद होतं, आणि घरात मला निर्णय द्यायची सवय राहिली नव्हती.

शेवटी विशेष सभा लागली. विषय एकच: दोनापेक्षा जास्त बादल्या भरणाऱ्यांवर कारवाई. पुरावा म्हणून माझे फोटो क्लबहाउसच्या टीव्हीवर लावायचे ठरलं. मला पहिल्या रांगेत खुर्ची. मी इस्त्रीचा झब्बा घालून गेलो. प्रत्येक फोटोआधी दोन वाक्यं बोलायची, असं मी ठरवून ठेवलं होतं.

तिसऱ्या फोटोवर सेक्रेटरी थांबले. त्या फोटोत डावीकडे कोणाची तरी स्टीलची बादली होती, पोटावर ट्यूबलाइटची सुंदर रेघ. "या बादलीत काय दिसतंय?" असं म्हणून ते मोठं करत गेले. दोन कोटी चाळीस लाखांचा कॅमेरा, कितीही मोठं करा, फाटत नाही. बादलीच्या पोटात नळ दिसला. नळाशी वाकलेली आकृती दिसली. खांद्यावर पंचा, अर्ध्या बाह्यांचा सदरा. आकृतीच्या दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या आणि नळाखाली तिसरी. हिरवी. निळी नायलॉनची दोरी.

ती कोणाची, हे कुणाला विचारावं लागलं नाही. सभेतून एकदम आवाज आला, "अरे, दोरीने तोललेलं आयुष्य!"

मी उठून बाजू मांडली. बहिर्वक्र पृष्ठभागावर प्रतिमा विकृत होते, एकाच्या दोन, दोनाच्या तीन दिसू शकतात. व्हॅन आयकच्या आरशातसुद्धा...

"ते कोणत्या विंगचे?" चेअरमनसाहेबांनी विचारलं. रॅम्पचं त्यांच्या मनात होतंच.

तेवढ्यात मागच्या रांगेतून सासरे उभे राहिले. शांतपणे म्हणाले, "तिसरी बादली गळकी आहे. वर पोचेपर्यंत निम्मी उरते. पाटबंधाऱ्यात आम्ही गळती आणि बाष्पीभवन वजा करूनच साठा धरायचो. त्या हिशेबाने आमच्या फ्लॅटला दोन बादल्यांहून थोडं कमीच पाणी पडलं, ते आधी भरून द्या." सभेत कुजबुज झाली. कोणीतरी टाळी वाजवली. आकडे इतक्या ठामपणे सांगणाऱ्या माणसाला आमच्याकडे दंड होत नाही. दंड मला झाला: परवानगीशिवाय सामायिक जागेत छायाचित्रण.

त्यावर ठराव असा झाला की यापुढे प्रत्येक फ्लॅटच्या दोन अधिकृत बादल्या राहतील, त्यांचं फोटोसहित ओळखपत्र निघेल आणि ते लॅमिनेट करून कडीला बांधायचं. भाडेकरूंच्या बादल्यांसाठी घरमालकाचं ना-हरकत पत्र. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, समोरून, कडी स्पष्ट दिसेल असा. काढणार कोण, यावर चर्चा झालीच नाही. दंडाची रक्कम त्यातून वळती होणार होती.

रविवारी पार्किंगमध्ये दोन खांबांना पांढरी चादर बांधून मी उभा राहिलो. टाकीत त्या दिवशी पाणी बेताचं होतं. पण फोटो म्हटल्यावर घाणेरडी बादली कोण आणणार? सगळ्यांनी सकाळी बादल्या घासूनपुसून, खळबळून आणल्या. एक बादली स्वच्छ करायला सरासरी दीड बादली पाणी लागतं, हा सासऱ्यांचा शोध. दहा वाजता टाकी कोरडी पडली आणि रांगेत बादल्या लखलखत होत्या. साडेदहाला जादा टँकर बोलवावा लागला, त्याचे पैसे सगळ्यांनी वर्गणी काढून दिले आणि टँकरवाल्याने विचारलं, आज सोसायटीत कार्य आहे का?

मी काम मन लावून केलं. एकेकीला चादरीसमोर ठेवायचं, दोन पावलं मागे जायचं, कडी जरा डावीकडे. "जरा हसरी काढा हो," कुणीतरी चेष्टा केली, पण सी विंगच्या पोरांनी त्यांची गुलाबी बादली खरंच दोनदा काढून घेतली, पहिल्यात तिच्यावरचं कंपनीचं नाव दिसत होतं म्हणून. एका काकांनी नुकतीच घेतलेली बादली आणली होती, तळाशी किमतीची चिठ्ठी तशीच. ती त्यांनी काढू दिली नाही, फोटोत यायला हवी होती.

शेवटी बी विंगच्या आजी आल्या. मागे नातू, त्याच्या दोन्ही हातांत चिंचेने घासलेली पितळी बादली, ऊन लागलं की डोळे दिपवणारी. मी वाकून नीट बघितलं. तिच्या पोटात मी होतो, पण झब्ब्यात.

"आजी, ही पाणी भरायला आणणार रोज? केवढी जड आहे."

"छे, भरायला आमची ती लाल प्लास्टिकचीच. ही फोटोपुरती."

"पण ओळखपत्र हिचं आणि रांगेत ती, असं कसं चालेल?"

आजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुझ्या आधारकार्डावरचा फोटो दाखव बरं," त्या म्हणाल्या.

सेक्रेटरींनी मान खाली घालून रजिस्टरमध्ये लिहिलं: बी विंग, आजी, बादली पितळी, एक नग, हजर.